आईला यूपीआय सुरू करून द्यावं की नको?

मेणवलीची लेक

नमस्कार मंडळी. गेला महिनाभर घरात हा एकच विषय चालू आहे आणि आम्हा भावाबहिणीचं एकमत होत नाहीये, म्हणून इथे विचारते.

आई वाईला एकटी राहते. वय ६८. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. ते गेल्यापासून कुटुंब निवृत्तिवेतन आईच्या खात्यात जमा होतं. बाबा होते तोवर बँक, वीजबिल, गॅस सगळं तेच बघायचे. आता आई स्वतः बँकेत जाते, स्लिप भरून पैसे काढते, पासबुक छापून आणते, नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याची सही करून येते. पासबुकातल्या प्रत्येक नोंदीसमोर पेन्सिलीनं खूण करते. हे मुद्दाम लिहिलं, कारण "या वयात जमेल का" हा माझा प्रश्नच नाही. तिला जमतं.

आता तिला यूपीआय हवंय, आणि कारण आहे सुट्टे पैसे. बँकेतून मिळतात पाचशेच्या नोटा. मंडईत चाळीस रुपयांची मेथी-कोथिंबीर घेतली की भाजीवाली म्हणते, "मावशी, स्कॅन करा की." मेडिकलवाला उरलेल्या पैशांच्या खोकल्याच्या गोळ्या हातावर ठेवतो. एसटीत अर्धं तिकीट काढायचं तर कंडक्टर आधी सुट्टे मागतो, नाहीतर तिकिटामागे बाकी लिहून देतो, आणि उतरताना ती मागायला आईला संकोच वाटतो. आता कंडक्टरच्या मशीनवरसुद्धा क्यूआर येतो, तो तिनं शेजारच्या मुलीला वापरताना पाहिलाय. तेव्हापासून मागे लागली आहे.

दादा बंगळुरूला असतो. त्याचं म्हणणं, आईच्या फोनमध्ये यूपीआय म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. शिवाय पेन्शनचं खातं, त्यातच बाबांची ग्रॅच्युइटीची रक्कम मुदत ठेवीत. त्यानं आईला फोनवर सरळ "अजिबात नाही" सांगितलं. त्यावर आई मला म्हणाली, "तुझ्या बाबांनी सगळा पगार माझ्या हातात दिला. एक रुपया कधी इकडचा तिकडे झाला नाही. आता मला भाजीचे चाळीस रुपये द्यायची अक्कल नाही होय?"

मला आईचं पटतं. पण दादाची भीतीही खोटी नाही. मी चिंचवडला असते, महिन्यातून एखादा शनिवार-रविवार जाणं होतं. तेवढ्यात शिकवून होईल का? कुठल्या खात्यावर सुरू करावं? आणि तुमच्यापैकी कुणी आईवडिलांना सुरू करून दिलं असेल तर पुढे काय झालं तेही सांगा. फोन अँड्रॉइड आहे, माझा जुना, चांगला चालतो.

नदीकाठचा

ताई, स्पष्ट सांगतो, देऊ नका. तुमच्या भावाचं बरोबर आहे.

माझ्या सासऱ्यांना एसएमएस आला होता, "आज रात्री ९.३० वाजता तुमची वीज तोडली जाईल, या नंबरवर संपर्क करा." त्यांनी फोन केला. समोरच्यानं गोड बोलून एक ॲप टाकायला लावलं, त्या ॲपमुळे यांचा स्क्रीन त्याला तिकडे दिसायला लागला. मग "दहा रुपये भरून नंबर अपडेट करा" म्हणाला. त्यांनी दहा रुपये भरले, पिन टाकला, आणि पाठोपाठ खात्यातून मोठ्या रकमा गेल्या. माणूस हुशार होता, दुकान चालवलेलं. पैशाचं दुःख ओसरलं, पण त्यानंतर त्यांनी व्यवहारात बोलणंच सोडलं. घरात काही विकत घ्यायचं ठरलं की "तुम्हीच बघा" म्हणून उठून जातात. ते आम्हाला जास्त लागतं.

सुट्ट्यांसाठी बँकेत दहा-वीसच्या नोटा मागून घ्या. काउंटरवर ओळख असली की देतात. सोपा उपाय आहे.

कोडआणिकांदेपोहे

मी पेमेंटच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, टेस्टिंगला आहे. नदीकाठच्या दादांनी सांगितलं ते अगदी खरं आणि वाईट आहे. पण त्या घटनेत घात झाला तो अनोळखी नंबरवर फोन करण्यानं आणि स्क्रीन दाखवणाऱ्या ॲपनं. आणि मागे खात्यात सगळी जमा पडलेली होती, म्हणून नुकसान मोठं. तेव्हा मागे किती पैसे असतील ते तुम्ही ठरवू शकता, तिथून सुरुवात करा.

यूपीआय लाइट माहीत आहे का? खात्यातून थोडे पैसे आधी त्यात भरून ठेवायचे. जास्तीत जास्त ५,००० रुपये राहतात आणि एका वेळी १,००० पर्यंत देता येतात. देताना पिन लागत नाही. भाजी, रिक्षा, एसटी, मेडिकल यासाठी याहून सोयीचं दुसरं काही नाही. पिन टाकायचाच नाही म्हणजे मंडईत चार माणसांसमोर तो कुणी बघायचाही प्रश्न नाही. बँकेवर भार असला की नेहमीचं पेमेंट कधीकधी गोल गोल फिरत बसतं, लाइटचं चटकन जातं. पासबुकातही भाजीच्या शंभर नोंदी येत नाहीत, पैसे भरले तेवढीच एक नोंद येते. तुमच्या आई पेन्सिलीनं खुणा करतात म्हणून हे सांगतोय. एक मात्र करा: लाइटमध्ये पैसे संपले की आपोआप भरण्याची सोय असते, ती बंद ठेवा. आणि पिन नाही म्हणजे फोन उघडा कुणाच्या हाती पडला तर त्यातले पैसे जाऊ शकतात, म्हणून फोनला लॉक हवंच.

दुसरा पर्याय यूपीआय सर्कल, २०२४ मध्ये आलाय. यात खातं तुमचं किंवा दादांचं, पैसे देणार आई. एक प्रकार असा की आईनं दिलेलं प्रत्येक पेमेंट तुमच्या फोनवर मंजुरीला येतं. दुसऱ्यात तुम्ही महिन्याची मर्यादा ठरवून देता, जास्तीत जास्त १५,००० रुपये, एका वेळी ५,००० पर्यंत, मग दर वेळी मंजुरी लागत नाही. आईच्या खात्याला यात हातच लागत नाही. दादांच्या मनाला शांत करायला हे उत्तम आहे.

सुरू करताना एक अडचण हमखास येते ती आधीच सांगतो. ॲप तुमच्या सिमवरून बँकेकडे एक एसएमएस पाठवतं, त्यावरून फोन आणि नंबर जोडला जातो. बँकेत नोंदवलेलं सिम त्याच फोनमध्ये हवं आणि रिचार्जमध्ये एसएमएसची सोय हवी. बऱ्याच ज्येष्ठांचे स्वस्त रिचार्ज असतात, त्यात एसएमएस नसतात, आणि मग "व्हेरिफिकेशन फेल" बघत सगळा रविवार जातो. एटीएम कार्ड नसेल तरी पिन आधारच्या ओटीपीवर सेट होतो, फक्त आधारला आणि बँकेला तोच मोबाइल नंबर लागतो. नवीन फोनवर पहिल्या २४ तासांत एकूण ५,००० पर्यंतच पाठवता येतात. ते बिघाड समजून घाबरू नका.

मेणवलीची लेक

दोघांचे मनापासून आभार. सासऱ्यांचं वाचून गलबललं.

सर्कलबद्दल आईला काल फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे मी गवार घेतली की तुझ्या दादाच्या फोनवर घंटी वाजणार? आणि पैसे त्याचे? नको." यावर मला पुढे बोलता आलं नाही. तिची पेन्शन आहे, ती तिनंच खर्च करावी असं मलाही वाटतं. लाइट मात्र तिला आवडलं. आता प्रश्न खात्याचा. पेन्शनच्याच खात्यातून लाइट भरायचं म्हटलं तर दादा अडून बसलाय.

काउंटर नंबर तीन

मेणवली, तुला एकेरीत लिहिते, माझ्या लेकीच्या वयाची असशील. माझी सगळी नोकरी बँकेत काउंटरवर गेली, सातारा जिल्ह्यातच. गेल्या वर्षी निवृत्त झाले. तुझ्या आईसारख्या किती जणींच्या स्लिपा भरून दिल्या त्याला हिशेब नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तुझ्या दादाला एक गोष्ट सांग. यूपीआय दिलं नाही म्हणून आई सुरक्षित राहील असं त्यानं अजिबात समजू नये. म्हाताऱ्या माणसांचे खरोखर मोठे पैसे जाताना मी पाहिलेत ते काउंटरवरून. ती माणसं स्वतः चालत येतात, ठेव मोडतात, आरटीजीएसचा फॉर्म भरतात आणि सही करतात. आमच्याकडे एक निवृत्त गृहस्थ आले होते. मोबाइल शर्टाच्या खिशात, अर्धा बाहेर, आणि मधूनमधून हात त्या खिशाकडे जायचा. ठेव मुदतीआधी मोडायची म्हणाले. फॉर्मवर खातं लांबच्या राज्यातल्या कुठल्याशा फर्मचं. मी विचारलं, "काका, हे कुणाला?" तर म्हणाले, "फ्लॅट घेतोय." फ्लॅट घेणारा माणूस बिल्डरचं नाव कागदावर बघून वाचत नाही. यांनी वाचून सांगितलं. खिशातला फोन चालूच होता, पलीकडून कुणीतरी सगळं ऐकत होतं. मी एका कोऱ्या स्लिपेवर लिहून त्यांच्यापुढे सरकवलं, "कुणी धमकी देतंय का?" त्यांनी मान हलवली आणि डोळ्यांत पाणी आलं. साहेबांनी त्यांना आत बसवलं, फोन बंद केला, मुलाला बोलावून घेतलं. पलीकडचा स्वतःला पोलीस म्हणवत होता. तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय, तुम्हाला डिजिटल अटक केली आहे, घरात कुणाला सांगितलंत तर त्यांनाही आत टाकू. डिजिटल अटक असलं काही कायद्यातच नाही. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत आणि चौकशीसाठी पैसे मागत नाहीत. खुद्द पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या "मन की बात"मध्ये यावर सांगितलं होतं, तरी माणसं फसतातच, कारण ती घाबरलेली असतात.

त्या गृहस्थांच्या फोनमध्ये यूपीआय नव्हतं. आणि घरी सांगितलं का नाही, असं मुलानं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "तू ओरडशील म्हणून." मुलगा चांगला होता गं, वडिलांचं सगळं करणारा. पण मागे कधीतरी त्यांनी फोनवर काहीतरी चुकीचं दाबलं आणि हा रागावला होता, ते त्यांच्या मनात राहिलं होतं.

म्हणून तुझ्या दादाला "अजिबात नाही" या सुरात आईशी बोलू देऊ नकोस. उद्या तिला असा फोन आला, तर तिनं पहिला फोन तुम्हा दोघांपैकी एकाला करायला हवा, आणि तो करताना तिच्या पोटात गोळा येता कामा नये. या गोष्टीपुढे कुठलंही ॲप आणि कुठलीही मर्यादा दुय्यम आहे. तिला सांगून ठेवा, काहीही दाबलं गेलं, कितीही पैसे गेले, रात्री दोन वाजता फोन कर, आम्ही आधी उचलू आणि काय करायचं ते बघू. आणि तसं खरोखर वागा. पन्नास रुपये चुकून दोनदा गेले म्हणून एकदा जरी "तुला सांगितलं होतं ना" असं तोंडातून निघालं, तर ती पुढच्या वेळी लपवणार.

आता खात्याचं. पेन्शनच्या खात्याला यूपीआय जोडू नकोस, इथे मी दादाच्या बाजूनं आहे. दुसरं साधं बचत खातं काढ, त्याच शाखेत काढलं तर आईला सोयीचं. पेन्शनच्या खात्यावरून दर महिन्याला ठरावीक रक्कम, समजा तीन हजार, त्या खात्यात आपोआप जातील अशी बँकेला लेखी सूचना देता येते, स्टँडिंग इन्स्ट्रक्शन म्हणतात. यूपीआय आणि लाइट या छोट्या खात्यावर. किमान शिल्लक किती ठेवावी लागते ते आधी विचारून घे, नाहीतर दंड कापत राहतात. ॲपमध्ये खातं जोडताना त्या नंबरची दोन्ही खाती समोर येतील. छोटंच निवड. काही बँका अर्ज दिला की एखाद्या खात्यावर यूपीआय बंदच ठेवतात. शाखेत विचार, पेन्शनच्या खात्यासाठी तसं होत असेल तर करून घे.

पेन्शनच्या खात्यावर मोबाइल बँकिंग आणि नेट बँकिंगही सुरू करू नकोस. लोक यूपीआयला घाबरतात आणि हे ॲप सहज टाकून देतात. त्यातून घरबसल्या ठेव मोडता येते, म्हणजे चोरालाही मोडता येते. तुझ्या बाबांची ग्रॅच्युइटी ठेवीत आहे म्हणालीस, म्हणून हे ठासून सांगते. एसएमएस मात्र दोन्ही खात्यांचे चालू हवेत.

आणि आईच्या मोबाइलच्या कव्हरमागे एटीएम कार्ड ठेवलेलं असेल तर आजच काढायला सांग. निम्म्या बायका तिथेच ठेवतात. फोन आणि कार्ड एकत्र गेलं की चोराच्या हाती सगळंच पडतं.

शिकवायचं म्हणशील तर तू करून दाखवू नकोस, तिच्याच हातानं करू दे. पहिलं पेमेंट तुला एक रुपया. मग तू तिला एक रुपया पाठव, आणि तिला दिसू दे की पैसे आले तेव्हा पिन लागला नाही. हे नुसतं सांगून डोक्यात राहत नाही, डोळ्यांनी पाहिलं की राहतं. पैसे यायला पिन लागत नाही, पिन टाकला म्हणजे पैसे गेले. निम्मी फसवणूक इथेच थांबते. पूर्वी चोर ॲपमधून पैसे मागणारी "रिक्वेस्ट" पाठवायचे आणि पिन टाका, पैसे येतील म्हणायचे. ऑक्टोबर २०२५ पासून माणसानं माणसाला अशी रिक्वेस्ट पाठवणं बंद केलंय, पण दुकानांच्या नावानं ती येऊ शकते, तेव्हा नियम तोच.

पिन तिचा तिनं ठरवावा. जन्मसाल नको, घर नंबर नको. तुम्हा मुलांनाही सांगायचा नाही. तो तिच्याकडेच राहिला पाहिजे, म्हणजे "बँकेतून बोलतोय, पिन सांगा" म्हणणाऱ्याला ती ठामपणे सांगेल, "पोटच्या पोरांना सांगितला नाही, तुला कशाला सांगू?"

आणि १९३० हा नंबर मोठ्या अक्षरात फोनजवळच्या भिंतीवर. सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे. पैसे गेले की आधी तिथे आणि बँकेला कळवायचं. जितकं लवकर कळवाल तितके ते पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम असा की पिन-ओटीपी आपणच देऊन बसलो तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतर काही गेलं तर ते बँकेचं. म्हणून रडत बसायचं ते नंतर, आधी फोन.

भुसारपेठ

काउंटरताईंना नमस्कार. वाचून माझ्या बायकोलाही वाचायला दिलं.

माझं किराणा-भुसाराचं दुकान आहे, कराडला. दुकानदाराच्या बाजूनं थोडं सांगतो. तुमच्या आईंना पहिल्या दिवशी ज्यानं गोंधळ होईल ते म्हणजे नाव. मंडईत गाळा असतो भाऊसाहेबांचा, क्यूआर असतो बायकोच्या नाहीतर पोराच्या खात्याचा. स्कॅन केलं की वेगळंच नाव येतं आणि मावशी घाबरतात, "हे कोण?" आईंना सांगा, दरवेळी नाव मोठ्यानं वाचून विचारायचं, "हे तुमचंच का?" दुकानदाराला त्यात काही वाटत नाही. उलट बरं असतं, कारण कुणी रात्रीत आमच्या क्यूआरवर स्वतःचा स्टिकर चिकटवून गेलेला असेल तर असं विचारणाऱ्या गिऱ्हाइकामुळेच कळतं.

दुसरं, पैसे दिले की स्पीकर बोलेपर्यंत थांबायचं. "चाळीस रुपये प्राप्त हुए" ऐकलं की निघायचं. बाजाराच्या दिवशी रेंज जाते, गोल फिरतं, माणूस गडबडून पुन्हा पाठवतो आणि दोनदा जातात. अडकलं तर लगेच दुसऱ्यांदा करू नका. मी ओळखीच्या गिऱ्हाइकाला सांगतो, मावशी, जावा तुम्ही, आले तर आले, नाहीतर उद्या द्या. खात्यातून गेले आणि आमच्याकडे आले नाहीत, तर ते आपोआप परत येतात. दुकानाच्या पेमेंटला व्यवहारानंतर पाच दिवसांची मुदत आहे, त्यापुढे उशीर झाला तर बँकेनं दिवसाला १०० रुपये द्यायचे असा नियम आहे. पण यासाठी गूगलवर "कस्टमर केअर नंबर" शोधायचा नाही! तिथे चोरांनी स्वतःचे नंबर टाकून ठेवलेत. त्याच ॲपमध्ये त्या पेमेंटवर बोट ठेवलं की तक्रार करायची जागा असते, तिथून करायची.

लग्नाची पत्रिका, आरटीओचं चलन, असल्या नावानं व्हॉट्सॲपवर फाइल येते आणि तिच्या नावाच्या शेवटी एपीके असतं, म्हणजे ती फोनमध्ये ॲप टाकणारी फाइल असते, ती उघडायची नाही. ओळखीच्या माणसाच्या नंबरवरून आली तरी नाही, कारण त्याचा फोन आधीच चोरांच्या ताब्यात गेलेला असतो. आमच्या गल्लीत असंच एकाकडून दुसऱ्याकडे पसरलं.

सुरुवातीला आईंना दुपारच्या वेळी जायला सांगा. दुकानात गर्दी नसते, आम्हाला शिकवायलाही वेळ असतो. संध्याकाळी सातला पाठीमागे पाच जण उभे असताना कुणाचाही हात थरथरतो.

नदीकाठचा

काउंटरताई, तुमचं ते "तू ओरडशील म्हणून" वाचून थांबलो. सासरे काही बोलत नाहीत ते पैशापायी असं आम्ही धरून चाललो होतो. आज संध्याकाळी बायकोशी बोलतो. ताई, तुमच्या आईंना द्या सुरू करून, वेगळ्या खात्यावर. माझा विरोध नाही.

मेणवलीची लेक

काउंटरताई, तुमचं उत्तर दादाला जसंच्या तसं पाठवलं. त्यानं वाचलं आणि आईला फोन केला. काय बोलला मला माहीत नाही, आईही सांगत नाही, पण तिनं रात्री मला फोन करून विचारलं की नवीन खात्याला फोटो किती लागतात. म्हणजे ठरलं. कार्ड कव्हरमागेच होतं! काढलं. आता ते बाबांच्या कागदपत्रांच्या पेटीत आहे.

भुसारपेठ, नाव वाचून विचारायचं ते मी तिला सांगितलं. ती म्हणाली, मी तर घराची कुळकथा पण विचारीन.

येत्या शनिवारी जातेय. एकच शंका राहिली. फोनला लॉक लावायचं, पण आईचं बोट लागतच नाही. रेशनच्या दुकानातही अंगठा चार-चार वेळा ठेवावा लागतो, भांडी-धुणं करून रेषा झिजल्यात. पॅटर्न चालेल का?

काउंटर नंबर तीन

पॅटर्न नको. काचेवर बोटाचा माग राहतो आणि शेजारी बसलेल्या माणसाच्या लक्षातही राहतो. आकडेच ठेव, सहा आकडी. फक्त तो यूपीआयच्या पिनपेक्षा वेगळा हवा, कारण फोनचं लॉक ती एसटीत, मंडईत, चारचौघांत उघडणार. अक्षरं मोठी करून दे, आणि अर्ध्या मिनिटात स्क्रीन बंद होते ती वेळ दोन मिनिटांची कर, नाहीतर चष्मा काढून लावेपर्यंत फोन पुन्हा लॉक होतो.

फोटो दोन लागतील. जास्तीचे दोन बरोबर ने, आधार आणि पॅनच्या झेरॉक्सवर सही आईनंच करायची. शनिवारी जाणार असशील तर तारीख बघ, दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बँक बंद असते. वारसाचा रकाना मोकळा सोडू नकोस, आणि पेन्शनच्या खात्यावर बाबांच्या पश्चात वारस बदलून घेतलाय का तेही त्याच फेरीत बघून घे.